अकरा सेकंद

१४ ऑक्टोबर, गुरुवार सकाळ

प्रिय ताई,

सप्रेम नमस्कार. तू, भावोजी आणि छकुली मजेत असाल. 'मी ठीक आहे' असं लिहिलं, खोडलं, पुन्हा लिहिलं. तर, ठीक आहे.

पत्र बघून हसशील. पण फोन तू उचलत नाहीस, आणि उचललास तरी मी हवापाण्याचं बोलून ठेवून देईन.

आईचा गुडघा बरा आहे. तुझी बेस गिटार तिच्या कपाटामागेच उभी आहे. दर रविवारी आई तिच्यावरची धूळ पुसते आणि माझ्याकडे बघते.

बँड चालू आहे. नवा बेसवाला घड्याळासारखा वाजवतो, ठोका इकडचा तिकडे होत नाही. पियानोवरचे आपले गणिताचे मास्तर म्हणतात, "याच्या शेजारी बसलं की मला तासाची घंटा ऐकू येते." आणि सॅक्सोफोनवाल्या नर्सबाई? "प्रकृती उत्तम, पण नाडी लागत नाही."

(मध्येच उठून गिटारची तार बदलून आलो. जुनी चांगली होती.)

आपण काय करायला निघालो होतो, आठवतं? वर मऊ, गुळगुळीत स्मूद जॅझ, ऐकणारा खुर्चीत रेलेल असं. आणि खाली ॲसिड जॅझचा फिरता, खोडकर ठेका, त्याला खुर्चीत बसू न देणारा. नव्या माणसाबरोबर दोन्ही वाजतं, पण वेगवेगळं. जणू दोन खोल्यांत दोन रेडिओ.

त्या दिवशी गॅरेजमध्ये सगळ्यांसमोर मी म्हणालो होतो, "ताई, तू मागे पडतेस." तू वायर नीट गुंडाळलीस आणि गेलीस. चौदा महिने झाले. मागच्या महिन्यात सरावाच्या जुन्या टेपा ऐकल्या. तू तुझ्या जागी होतीस. मीच पुढे पळत होतो.

टेपा का काढल्या, ते सांगायचं टाळतोय.

आपली रेकॉर्ड तयार झाली आहे. शेवटचं गाणं नव्या बेसवाल्याकडून बसेना. म्हणून टेपेवरून तुझ्या वाजवण्याचा अकरा सेकंदांचा तुकडा कापला आणि तोच गाणंभर फिरवला. या संगीतात तशी रीतच आहे, असं मी सगळ्यांना ऐकवलं.

"ताईला विचारलंस ना?" नर्सबाईंनी विचारलं.

"म्हणजे काय! विचारलं की."

तुला ठाऊक आहे, विचारलं नव्हतं.

आणखी एक. त्या तुकड्याच्या शेवटी तू 'हं' म्हणाली आहेस. माझं वाजवणं पटलं की म्हणायचीस ना, तेच. वर्षातून दोनदा मिळायचं मला. साउंडवाला म्हणाला, "हा आवाज पुसून टाकू?" मी नको म्हणालो. त्यामुळे आता पाच मिनिटांच्या गाण्यात तू अठ्ठावीस वेळा 'हं' म्हणतेस. एका ठिकाणी मी ढळढळीत चुकलोय, तिथेही म्हणतेस. तू खरंच समोर असतीस तर म्हणाली असतीस, "ए, ठेव ती गिटार खाली, आधी पाणी पी." परवा ते ऐकलं. तेव्हापासून जेवताना, आंघोळ करताना, रस्ता ओलांडताना तो तुकडा डोक्यात फिरतोय.

सोमवारी दुपारी रेकॉर्ड छापायला जाईल. हे पत्र तुला शनिवारी मिळेल. तू हो म्हणालीस तर कव्हरवर पहिलं नाव तुझं. नाही म्हणालीस तर ते गाणं काढून टाकेन, रेकॉर्डला नाव त्याचंच दिलं असलं तरी. सोमवार दुपारपर्यंत फोन आला नाही, तर ते 'नाही'च समजेन. नर्सबाईंना खरं काय ते आज संध्याकाळी सरावाआधी सांगणार आहे. तुझं उत्तर काहीही असो.

फोन केलास तर या वेळी मी मध्ये बोलणार नाही. तुला हवा तेवढा वेळ घे. आणि टेपेवरचे ते अठ्ठावीस 'हं' मी होकारात धरत नाही.

आईला यातलं काही सांगितलेलं नाही. छकुलीला गोड पापा.

फोनशेजारी थांबलेला,
तुझा धांदरट