अप्पाचं बी.कॉम. अन् रुमालाखालचा हात

शेळगाव, फाल्गुन वद्य तृतीया, सन १९५६

तीर्थरूप मोहनदादा,

धाकट्या म्हाळसाचा वाकून नमस्कार. पुण्याची हवा मानवतीय न्हवं? वहिनींचा गुडघा कसा हाय? (त्यांना म्हणावं, जिना चढू नका, दादांनाच खाली बोलवा.) हितं समदी सुखरूप हायती. फकस्त माझे दीर तात्याबा खाटेवर हायती, बैलानं त्यांच्या पायावर पाय दिला. बैल बरा हाय.

तुमी इचारलं, तुमचा थोरला अप्पा बी.कॉम. झाला, आता धाकट्यालाबी त्याच कॉलेजात घालावं का, धंद्यात त्याचा काय उपेग व्हतो का. अन् बघायला म्हणून अप्पालाच माझ्याकडं धाडलात. झ्याक केलंत, मला गरजच व्हती. वर्साचा गूळ बारामतीच्या पेठेत न्यायचा अन् घरात पुरुषाचा हात न्हाय. तुमी इसरला असाल म्हणून सांगते, तितं भाव तोंडानं बोलत न्हाईत. रुमाल टाकायचा, त्याच्याखाली अडत्याच्या हातात हात घालायचा अन् बोटं दाबायची. जितकी बोटं तितके रुपये. मी नवऱ्यामागं राहिलेली बाई, मी हात घातला तर गुळाच्या आधी माझाच भाव निघंल. म्हणून अकरा वर्सं तात्याबा हात घालतात, अन् बाहेर येऊन सांगतील तो भाव मी खरा मानते. (भरवसा हाय त्यांच्यावर. एवढंच की गूळ विकला की ते नवा पटका बांधूनच घरी येतात.)

अप्पा आल्या आल्या वही घिऊन गोठ्यात शिरला अन् म्हशीचा घसारा काढला. घसारा म्हंजे वस्तू जुनी व्हईल तसं तिचं मोल दर साली उतरतं. (हे सांगताना माझ्याकडं बघत व्हता, मी पदर नीट केला.) दुसऱ्या दिशी म्हैस व्याली, रेडी झाली. आता मोल उतरलं का चढलं, ह्या इचारात पोरगं दुपारपातुर जेवलं न्हाय.

मग मी, अप्पा अन् माझी रतन गूळ घिऊन बारामतीला गेलो. चाँदभाई अडत्यानं रुमाल टाकला, हात म्होरं केला. अप्पाला वाटलं, सायबलोकांवानी ओळख करून घेतोय. त्यानं आख्खा पंजा धरला अन् गदागदा हलवला. पाची बोटं, अन् तीबी धा बारी! चाँदभाई म्हणला, "अवो पाव्हनं, गूळ आणलाय का सोनं?" अप्पा भ्याला, हात वढाय लागला, तसा रुमाल खाली पडला. समद्या पेठेदेखत दोघं बाप्ये हातात हात घालून हुबे, जसा काय आंतरपाटच सरला.

कुणीतरी इचारलं, ह्यो कोण? रतन म्हणली, "माझा मामेभाऊ. बी.कॉम. हाय." दादा, समद्या पेठेनं टोप्या सरळ केल्या. बी.कॉम. मामलेदाराच्या वर असतो का खाली, कुणाला ठावं? चाँदभाईनं खुर्ची मागवली, च्या सांगितला, रुमाल खिशात घातला अन् भाव चक्क तोंडानं म्हणला. अकरा वर्सांत पैल्यांदा माझ्या गुळाचा भाव मी माझ्या कानांनी ऐकला. तात्याबा सांगत त्याच्या दीडपट! मी दारातनंच म्हणलं, "आनिक दोन चढवा, चाँदभाई." त्यानं अप्पाकडं बघितलं. च्या लई गरम व्हता, अप्पानं तोंड वाकडं केलं. दोन चढले.

तवा माझं मत इचाराल तर त्या डिग्रीचा काडीचा उपेग न्हाय. धाकट्याला कॉलेजात घालू नका, दुकानात बसवा. अप्पाला उद्याच भिगवणला नेऊन आगगाडीत बसवते.

वहिनींना नमस्कार, लेकरांचे मुके.

तुमची म्हाळसा

ता.क. अप्पा इतक्यात येत न्हाय. गावातल्या आनिक तीन बायांचा गूळ ऱ्हायलाय, त्यांना तो पायजे. बोलायचं कायबी न्हाय, नुसतं खुर्चीवर बसायचं.

आनिक एक ता.क. हे वहिनींनाच वाचून दावा. तात्याबा म्हणतात, रतनला वैशाखात उजवा. पोर गेल्या साली म्याट्रिक झाली. येताना गाडीत मला म्हणली, "आये, अप्पादादा पुण्याला गेला की पुन्हा रुमाल टाकतील का गं?" मी म्हणलं, टाकतील. मग बारामती मागं पडंपातुर ती मान वळवून पेठेकडंच बघत व्हती. तवा दादा, त्या कॉलेजात पोरी घेत्यात का बघा, अन् फारम धाडा. धाकट्याला घालू नका म्हणून मी वर लिवलंच हाय. त्याची जागा रिकामी ऱ्हाईल, तितं रतनला घाला.