वहीतील अठ्ठाविसाव्या दिवसाच्या शब्दाबाबत

प्रति,
मा. कर्मचारी व्यवस्थापक,
अतिथिगृह, मुख्य कार्यालय.

विषय : गैरहजेरीचा खुलासा मराठीत स्वीकारून पंधरा दिवसांची रजा मिळणेबाबत.

संदर्भ : "खुलासा इंग्रजीत, यादीतील किमान पाच कठीण शब्द वापरून द्यावा" ही आपली नोटीस.

महोदय,

मी दुसऱ्या मजल्यावरील खोल्यांची सफाई करते. पाहुण्यांशी अदबीने बोलता यावे म्हणून आम्हां सफाईवाल्यांना रोज दहा अवघड इंग्रजी शब्द अर्थासह पाठ करण्याचा हुकूम आहे. मी एकही दिवस चुकवला नाही. चादरी बदलताना माझे ओठ हलतात, अशी एका पाहुण्याने तक्रारही केली होती.

माझ्या यजमानांच्या मानेतील गाठीचा इंग्रजीतला तपासणी अहवाल गेल्या महिन्यात आला. डॉक्टरांकडे जाण्यासाठी मी अर्धा दिवस मागितला. आम्हांला शब्द शिकवणारे साहेब म्हणाले, "शिकवणी बुडवायची नाही. कागद दाखवा." त्यांनी तो वाचला, हसले आणि म्हणाले, "यातला मुख्य शब्द आपल्या यादीत अठ्ठाविसाव्या दिवशी आहे. तोवर काही जगबुडी होत नाही." शिकलेला माणूस हसतो आहे, म्हणजे काळजीचे कारण नसावे, असे मी धरून चालले. ही चूक माझी आहे.

अठ्ठाविसाव्या दिवशी शब्द आला, 'मॅलिग्नंट'. "वाढत जाऊन जीव घेणारे," असा अर्थ मी सर्वांसमोर न अडखळता सांगितला. साहेबांनी दहापैकी दहा गुण दिले. मग म्हणाले, "आता तुमचा कागद काढा आणि त्यात हा शब्द शोधा." कागद पिशवीतच होता. मी बोट फिरवत शोधला. तिसऱ्या ओळीत सापडला. "पाहा, शिकण्याचा उपयोग," असे म्हणून त्यांनी टाळ्या वाजवायला सांगितल्या. सोबतच्या बायकांनी खाली मान घालून वाजवल्या.

त्यावर मी न विचारता निघाले व तीन दिवस कामावर आले नाही, हे कबूल आहे. डॉक्टरांनी विचारले, "महिनाभर काय करत होता?" उपचार सोमवारी सुरू होत आहेत, तरी रजा मंजूर व्हावी.

आणखी एक. संध्याकाळी यजमानच वही हातात धरून माझी उजळणी घेतात. त्यांना गाठीबद्दल अद्याप काही सांगितलेले नाही. म्हणून त्या शब्दापुढे मी 'साधी, आपोआप बसणारी सूज' असा अर्थ लिहिला आहे. वही तपासणीस येईल तेव्हा तो चूक धरून खुशाल गुण कापावेत. फक्त लाल शाईने दुरुस्त करू नये, एवढी विनंती.

आपली नम्र,
सफाई कामगार, दुसरा मजला
(सही)
दिनांक : १४

सोबत : तपासणी अहवालाची प्रत.