ओट्यावरचा फोन

प्रिय देवा,

इथे मिशिगनमध्ये, नोव्हायला अजून बर्फ आहे. आमच्या निहारची परीक्षा संपली. मायक्रोवेव्हशेजारचा तो जुना फोन मी काल कायमचा बंद केला. तिथे आता मिठाची बरणी ठेवलीय, तरी चार्जर लावलाय का ते बघायला हात जातोच.

तू पहिल्यांदा तो फोन बेटिंगसाठी मागितलास तेव्हा मी म्हटलं होतं, "तुमच्या मस्कतला बेटिंगला बंदी आहे ना रे?" तू हसलास. "ताई, फोन मिशिगनमध्ये, खातं मिशिगनचं. मी इथून कॉम्प्युटरवरून फक्त बोट लावणार. तू नुसता चार्ज करून ठेव." इथे हे कायदेशीर, बातम्यांच्या मध्ये जाहिराती लागतात. खातं माझ्या नावाने उघडलं. ते दुसऱ्याला वापरू देता येत नाही, हे वाचलं होतं. वाचूनच 'मान्य' दाबलं. मग पोळ्या लाटताना तो फोन आपोआप उजळायचा, पडद्यावर आकडे सरकायचे, आणि मला चक्क बरं वाटायचं, देवा आहे म्हणून.

भाजी करपली तरी डायरीत लिहिणारी मी. परवा दोन वर्षांची पानं चाळली. त्या फोनबद्दल एक ओळ नाही. कळत नव्हतं, असं आता कुठल्या तोंडाने म्हणू?

ऑफिसच्या कॉम्प्युटरवरून तू तो फोन चालवतोस हे कंपनीला कळलं, पोलिसांत न देता त्यांनी तुला पुण्याला परत पाठवलं, हे मला तुझ्या हिमानीने सांगितलं. तिने विचारलं, "ताई, हा म्हणतो, खातं तुमचं, तुम्हाला सगळं माहीत होतं. खरं का?" मी म्हटलं, "नाही गं." बेटिंग तिने एक वेळ पोटात घातलं असतं. बहिणीवर खोटा आळ घेणारा नवरा नको, म्हणून ती लहानग्या आन्याला घेऊन नागपूरला माहेरी गेली. आणि तू मला एका शब्दाने जाब विचारला नाहीस.

आज सकाळी हिमानीला फोन करून खरं सांगितलं.  ती म्हणाली, "म्हणजे तेवढं तरी तो खरं बोलला." आणि फोन ठेवला. माझ्याशी ती पुन्हा बोलेल असं वाटत नाही. तुझा फोन मात्र उचलेल. तेवढ्यासाठीच लिहिलं. मला उत्तर नको पाठवूस, आधी तिला फोन कर.

तुझीच,
रेणूताई