सिंधूच्या मोहाखाली लुगडे

२४ फेब्रु.
सकाऊन टेकडीवर जाऊन आली. गुडघा दुखते, दुखू दे. खुंटाचे फुटवे माया डोक्याच्या वर गेले. पळस, तेंदू, धावडा. दाटी एवढी का पदर अडकला, सोडवतानी फाटला. लावले कोणीच नाई. कुऱ्हाड बंद, ढोरं बंद, बस. ग्रामसभेत हेच मी उभी राहून बोलली तवा सारे हासले होते. आता या म्हणा पाहाले.
खाली वाळला पाला घोट्याइतका. त्यात एक पेटती काडी पडली त...

१ मार्च
सिंधूकडे गेली. माई धाकटी जाऊ. तिचे मोहाचे झाडं टेकडीच्या पायथ्यालेच. मोह पडाच्या आंधी ते झाडाखालचा पाला जाळते. जमीन साफ झाली का फूल दिसते, येचाले सोपं. सारं गाव तसंच करते. पण मागं तिचीच आग वर चढली अन् सारे फुटवे काळे. बुडापासून पुन्हा सुरू.
म्हटलं, यंदा जाळू नको वं.
"मंग तुमी झाडून देसान का, बाई?"
देते म्हटलं.
"पाला काय एकच दिवस पडते? आज झाडान, उद्या तेवढाच."
खरं हाय. खरं हाय म्हणून त जास्त राग आला. मोहावर तिचं वर्षाचं मीठमिरची चालते. तिले तरी काय बोलू.

५ मार्च
भाजी चिरता चिरता सुचलं. झाडाखाली लुगडे अंथरायचे. फूल लुगड्यावर पडन, पाल्यात नाई. मंग जाळाचं कामच काय. भाजी तशीच ठेवली, पेटीतले जुने लुगडे काढले, मशीनवर बसली. आमचा म्हातारा म्हणे, "आता झाडाले साडी नेसवतं का?" म्हटलं, तुमचं धोतर बी जोडलं, बसा गप.
सिंधूले फोन केला. म्हणे, "करून पाहा. माया मोह वाया गेला त मी जाळन, मंग मले बोलाचं नाई."
कबूल.

१८ मार्च
मोह पडाले सुटला. लुगड्यावर नुसता सडा, ना माती ना खडा. सिंधूनं एक टोक धरलं, मी दुसरं, सरळ टोपलीत. वाकाचं काम नाई. तोंडानं चांगलं म्हणन त सिंधू कशाची. जातानी फक्त, "बाई, अजून एखादं जुनंपानं हाय का?"
घरी आली थे उडतच. गुडघ्याची आठवण बी नाई.

२२ मार्च
सिंधू फाटकातूनच, "चला, पाहा तुमची अक्कल."
गेली. टेकडीकडच्या झाडाखालचं लुगडं चाटूनपुसून साफ. काठ चावलेला. मले वाटलं बकऱ्या. कोणी सोडल्या म्हणून ओरडाले तोंड उघडलं, अन् मातीत खूर दिसले. बकरीचे नाई. फॉरेस्टच्या गार्डले बोलावलं. बसला, पाह्यलं, म्हणे, "आजी, चितळ. कळपच दिसते."
चितळ. आमच्या टेकडीवर. लग्न होऊन आली तवा नुसते खुंट होते तिथं. हासू आवरेना.
गार्ड म्हणे साहेबाईले आणतो, फोटो, बोर्ड. म्हटलं, बापू गा, एक बी गाडी आणू नको, पळून जातीन सारे.
सिंधू मायावर तापली. "हासून काहून राहिल्या? माया मोह खाल्ला थो. पाल्यात असता त एक एक हुडकत बसले असते. तुमी त ताट वाढून ठेवलं."
हे माया डोक्यातच नव्हतं आलं. रातभर अंथरून ठेवतो, कोण येईन याचा इचार कोणी केला.
"परवा बी असंच दिसलं त लुगडे घ्या तुमचे. मी जाळते."
जाळलं त धुराच्या वासानं चितळ फिरकन नाई, मोह तिचा वाचन. पण आग वर चढली त चितळ जाईन कुठं?

२४ मार्च
पायटेस, उजाडाच्या आंधीच, दोघी जाऊन बसलो, बाजूच्या झाडामागं. फुलं टपटप पडून राहिले. ठरलं होतं, आले का टाळ्या वाजवून हाकलाचं.
आले. आंधी एक मोठा, मंग दोन-तीन माद्या, एक पिल्लू. एवढ्या जवळ का चावाचा आवाज आला. मले टाळी वाजवाची होती. नाई वाजवली त मोह जाते, मोह गेला त हे जाळते, सारं समजत होतं. हात उठलेच नाई. सिंधूकडे पाह्यलं त तिचे बी हात मांडीवर.
"बारकं पाहा," हळूच म्हणे, "तोंडात मावत नाई त बी दोन दोन घेते."
मंग मलेच खोकला आला. मुंड्या वर, अन् एका उडीत टेकडीवर. फुटव्यात शिरले अन् दिसेनासेच झाले. एवढ्या मोठ्या शिंगाचा थो, त्याले बी झाकलं माया झाडाईनं.
त्या लुगड्यावरचा निम्मा मोह गेला. बाकीच्या झाडाखालचा भरलेला होता. सिंधूनं सारं गोळा केलं. टोपली डोक्यावर घेऊन म्हणे, "टेकडीकडचं लुगडं काढून घ्या, बाई."
"काहून वं?"
"काढा म्हटलं त काढा."
त्या झाडाखालचा पाला जाळाले, का थे झाड चितळाईले सोडाले, सांगतलं नाई. दोनदा इचारलं. जाऊ कोणाची, सरळ बोलन कशी.
काढून आणलं. म्हातारा म्हणे झोप आता. झोप कायची येते. पायटेस पुन्हा जाते, सिंधू काय करते थे पाहाले.