ओठांतले खिळे

दमिएता, ५ नोव्हेंबर १९९१

ती. इन्साफताईस सलाम. वि. वि.

आईची काथवट मी केली. बाबांची काठी, मुठीवरच्या कणसासकट. अंगणाकडच्या खिडकीची जाळी, जिच्यात एकही खिळा नाही. तुझ्या लग्नातलं कपाट, ज्याच्या दारांच्या फटीत कागद शिरत नाही. यातलं काही मला कुणी शिकवलं नाही. लोकांच्या दुकानांसमोर उभं राहून पाहिलं आणि घरी येऊन केलं. तुला हे ठाऊक आहे; पण या आठवड्यात ते मलाच पुन्हा ऐकायचं आहे.

मालक हाजी बदरानांनी मला सुतारखान्याचा उस्ता, सगळ्या कारागिरांवरचा मुख्य, केल्यापासून माणसं माझ्याशी बोलेनाशी झाली आहेत. मन्सुरा शहरातल्या एका नवरीच्या दिवाणखान्याचा संच या महिनाअखेर द्यायचा आहे. कोरीवकाम शौकीकडे. त्याचा हात चांगला, पण कोचाच्या पाठीवरचं एक पान डावीकडे कललं होतं. शुक्रवारी सुट्टी, म्हणून मी एकटा जाऊन ते सरळ केलं. दोन तास गेले, तक्रार नाही. शनिवारी शौकीने पान पाहिलं, पटाश्या फडक्यात गुंडाळल्या आणि निघून गेला. तेव्हापासून समोरच्या कॉफीखान्यात बसतो, मला दिसेल असा. मदत केली तर हे. खुर्च्या त्याच्यावाचून अडल्या आहेत. काम गेलं तर हाजी मला ठेवणार नाहीत, आणि ठेवूही नये.

नदीपलीकडच्या एका कारखान्याचं बोलावणं आलं आहे. तिथे यंत्रं कोरतात, मी फक्त तपासायचं. माणसांशी बोलायला लागत नाही. पुढच्या बुधवारपर्यंत उत्तर हवं आहे. मन ठिकाणावर नाही. हे पत्र लिहिताना चारदा उठून खिडकीशी जाऊन आलो. काय करू ते सांग.

मायेला वाळवी लागू देऊ नकोस.

तुझा,
वजदी

⁂

अलेक्झांड्रिया, ९ नोव्हेंबर १९९१

चि. वजदीस अनेक आशीर्वाद.

पत्र पोचलं. कपाटाचा उल्लेख वाचून तुझे मेहुणे इतके हसले की चहा सांडला. फटीत कागद शिरत नाही हे खरंच. पण कपाट दारातून शिरत नाही, त्याचं काय? अजून जिन्याखाली आहे. शेजारणीची मांजर दर वर्षी त्यात विते. तू केसाएवढी मापं घेतलीस, फक्त आमचं दार केवढं हे मला विचारलं नाहीस.

इस्पितळात वॉर्डची मुख्य झाले तेव्हा मीही पोरींनी बांधलेल्या पट्ट्या सोडून पुन्हा बांधायची. पट्ट्या सुरेख व्हायच्या आणि पोरी बदली मागायच्या. मग एक सवय लावून घेतली. समोरची बोलू लागली की पट्टीची पिन ओठांत धरायची, तिचं संपेपर्यंत काढायची नाही. तोंड उघडलं तर टोचते. तुझ्याकडे खिळे आहेत. सकाळी हत्याराला हात लावण्याआधी प्रत्येकाच्या बाकापाशी जा, एकच प्रश्न विचार आणि खिळे ओठांत धर. रोज. एकदा करून सोडलंस तर ते नाटक होईल.

शौकी का गेला हे तुला माहीत नाही, मला तर नाहीच. ज्याला माहीत असेल त्याला विचार. आणि कारखाना किती देतोय ते लिहिलं नाहीस. लहानपणापासून तू आकडा लपवलास की तो मोठाच असतो.

रागावलास तरी लिहीत राहा, एवढंच मागणं.

तुझी ताई,
इन्साफ

⁂

दमिएता, १४ नोव्हेंबर १९९१

ती. इन्साफताईस सलाम. वि. वि.

मांजरीचं वाचून दोन दिवस तुला लिहिणार नव्हतो. तिसऱ्या दिवशी खिळे घेतले.

पहिल्यांदा पॉलिशवाल्या म्हाताऱ्या गिरगिसकडे गेलो. शौकी का गेला, एवढंच विचारलं आणि ओठ मिटले. आधी त्याला वाटलं माझी दाढ दुखतेय. मी काहीच बोलत नाही म्हटल्यावर तो बोलू लागला. आमच्या सुतारखान्याची जुनी रीत आहे म्हणे. संचाचं पहिलं पान ज्याने कोरलं, त्याच्या संचाला दुसऱ्याची पटाशी लागत नाही. उस्ताने लावली, तर त्याचा अर्थ हत्यारं गोळा कर आणि घरी जा. शिकायला आलेल्या पोराला हे पहिल्या वर्षीच कळतं. ताई, मी कुणाकडे शिकायला गेलोच नव्हतो. मी शौकीला कामावरून काढलं होतं, तेही हौसेने, सुट्टीच्या दिवशी.

तसाच कॉफीखान्यात गेलो. शौकी सोंगट्या खेळत होता. म्हणाला, उस्ता आले, आता माझ्या सोंगट्याही सरळ करतील. सगळे हसले. माझ्या ओठांत खिळे होते म्हणून वाचलो. त्याने मनातलं सगळं ओकलं. माझ्या डोक्यात एकेक उत्तर तयार होत होतं आणि गंजाची चव येत होती. शेवटी तो म्हणाला, “पान कललं होतं ते मलाही दिसत होतं, उस्ता. सकाळी एक शब्द बोलला असतात, तर चहा निवायच्या आत मीच सरळ केलं असतं.”

खिळे हातात घेतले आणि सगळ्यांदेखत म्हणालो, “मला ही रीत माहीत नव्हती.” शौकीने सोंगट्या बाजूला सारल्या आणि माझ्यासाठी चहा सांगितला.

काल तो कामावर आला. हात अजून शिवशिवतात. आजच एका खुर्चीवर देठ जाड दिसला. पटाशी खाली ठेवून त्याला विचारलं, तुला काय वाटतं? तो म्हणाला, मला वाटतं तुम्ही जरा गिरगिसकडे जाऊन बसावं. बसलो. परत आलो तर देठ बारीक झाला होता. मी केला असता त्याहून बरा, हे मात्र त्याला सांगितलेलं नाही. उद्या सांगेन. ती सवय अजून लागायची आहे.

तुझ्या दाराचं माप कळव. कपाट सुटं करून पुन्हा बसवतो. मांजरीला दुसरं घर करून देईन. तोवर जशी आहे तशी माया राहू दे.

तुझा,
वजदी

ता. क. काल नदीपलीकडे जाऊन नाही म्हणून आलो. स्वतंत्र खोली, दारावर माझं नाव आणि महिना नऊशे पौंड.