तुझ्या रस्त्यावरची सही

प्रिय लोर्ना,

"प्रिय" खोडणार होतो, पण राहू दे. तसंही हे पत्र मी टाकणार नाहीये.

लंडनवाल्या सरकारने आमच्या रेल्वे कंपनीमागोमाग तुझीही ताब्यात घेतली. आता आपण दोघं एकाच रेल्वेचे ड्रायव्हर. घर सोडताना तू ओरडली होतीस, "एका घरात राहणं तर सोडच, मी तुझ्याबरोबर एका कंपनीतसुद्धा राहणार नाही!" आणि जास्त पगारावर शेफील्डला गेलीस. आता बोल.

इथे डॉनकास्टरच्या चहाच्या खोलीत नुसता कालवा आहे. आमचा पगार तुमच्याएवढा होणार, की तुमचा आमच्याएवढा? सिनिऑरिटी कुणाची धरणार? पेन्शन जुनीच राहणार ना? युनियनवाला रोज "राहणार" म्हणतो, पण रोज जरा हळू आवाजात. म्हातारा क्लिफर्ड म्हणतो, "मालक बदलतात रे, चहा तोच पाणचट."

माझी झोप उडालीय ती वेगळ्याच कारणाने. आता मला शेफील्डपर्यंत गाडी न्यायचीय, आणि अनोळखी रस्त्यावर आपल्यात कुणी गाडी नेत नाही. आधी जाणत्या ड्रायव्हरशेजारी बसून रस्ता शिकायचा. साहेबांनी शिकवणारीचं नाव सांगितलं. तुझं.

"काही अडचण?"

"छे," म्हणालो आणि कप विसळायला गेलो. तो विसळलेलाच होता.

सोमवारी येतोय. सिग्नल, चढ, वळणं तेवढी सांग, बाकी काही बोलली नाहीस तरी चालेल. रस्ता पाठ झाल्याची सही शेवटी शिकणाऱ्यानेच करायची असते, आणि त्याची खात्री पटेपर्यंत कुणी घाई करत नाही.

मी फार मठ्ठ आहे, लोर्ना. तूच म्हणायचीस.

नेव्हिल