धाकट्या जाऊच्या नावे अर्धा राहिलेला खेळ

मी, शेवटी सही करणारी, वय वर्षे त्र्याहत्तर, धंदा पुस्तकबांधणी, राहणार याच घराचा तळमजला, हा कागद माझ्या हाताने, माझ्या कामाच्या टेबलावर बसून लिहीत आहे. मला कोणी दटावलेलं नाही, कोणी गोड बोलून बसवलेलं नाही. डोकं ठिकाणावर आहे. ज्याला शंका असेल त्याने हजार पानी ग्रंथाचे सुटे फर्मे, म्हणजे छापील पानांच्या घड्या, माझ्याशेजारी बसून क्रमाने लावून दाखवावेत आणि मग बोलावं.

पुढच्या महिन्यात डॉक्टर माझ्या छातीत काडेपेटीएवढं यंत्र बसवणार आहेत. किरकोळ आहे म्हणतात. असेल. पण घर सोडताना मी गॅस बंद आहे का ते दोनदा बघणारी बाई आहे, म्हणून हे आवरून ठेवते. याआधी मी मृत्युपत्र केलेलं नाही. कोणी काढून दाखवलंच तर ते खोटं समजावं.

कलम १. घराचा तळमजला, मागची खोली आणि पुढे वेगळं लिहिलेलं सोडून बाकी सर्व सामान माझ्या पश्चात माझ्या लेकीचं. वरचा मजला माझ्या धाकट्या जाऊचा आहे, तो पूर्वीपासून तिच्याच नावावर आहे, त्यात माझा काडीचा संबंध नाही. जिना दोघींचा. त्याचा कठडा कोणी रंगवायचा यावरून आमच्यात चार वर्षं चिठ्ठ्या चालू आहेत. लेकीने दोन्ही बाजूंच्या चिठ्ठ्या फेकून द्याव्यात आणि कठडा रंगवून घ्यावा. हिरवा नको.

कलम २. बँकेतली शिल्लक लेकीची. तिने ती जपून ठेवत बसू नये. जपून ठेवण्याचं काय होतं ते कलम सहामध्ये येईल.

कलम ३. मोठा कटर, पुस्तकं दाबायचे दोन शिकंजे, टोचे, सुया, घडी पाडायची हाडाची पट्टी आणि दुकानाचं नाव हे सगळं नऊ वर्षं माझ्यासोबत काम करणाऱ्या शिवणवालीला. तिची शिवण माझ्यापेक्षा सरळ आहे. हे मी तिला तोंडावर कधी सांगितलं नाही, कारण मग ती पगार वाढवून मागेल असं वाटायचं. तिने मागितलाच नाही आणि मी तो दर वर्षी वाढवलाच, तेव्हा सांगितलं असतं तरी चाललं असतं. सांगते: बाई गं, तुझ्यासारखा हात मी पाहिला नाही.

कलम ४. कोपऱ्यावरच्या वाचनालयाच्या माजी व्यवस्थापकांना काहीही देऊ नये. त्यांनी माझे चाळीस खंड 'पाठ वाकडी आहे' म्हणून परत पाठवले होते. पाठ सरळ होती. ते मान तिरकी करून बघत होते. मी त्यांना क्षमा केलेली नाही आणि करण्याचा विचारही नाही.

कलम ५. मला निरोप देताना लांब चेहऱ्याची भाषणं नकोत. माझ्या खेळात लढाई जिंकल्यावर सात सेकंदांची एक धून वाजते, ती लावावी. लेकीला माहीत आहे. लोक हसले तर हसू द्यावं.

कलम ६. हे कलम वकीलबाईंसाठी आहे. पहिला कच्चा खर्डा वाचून त्यांनी विचारलं, "बाई, हे सेव्ह, खाना, नायक म्हणजे स्थावर का जंगम?" म्हणून समजावून सांगते.

लेक नोकरीला दुसऱ्या शहरात गेली तेव्हा तिचं टीव्हीला जोडून खेळायचं यंत्र मलाच देऊन गेली, ते कपाटात राहिलं. सोबत एकच खेळ, जपानी पद्धतीचा: तलवारी, जादू, राक्षस आणि भलीमोठी कथा. एका दुपारी मी आणि धाकट्या जाऊने तो गंमत म्हणून लावला. ती तेव्हा नुकतीच निवृत्त झाली होती, बत्तीस वर्षं इस्पितळात नर्स. दोन ते चार कटर बंद ठेवायचा आणि खेळायचं, असं ठरलं. सात वर्षं ते ठरलेलं होतं.

आमचा नायक मुका. अख्खं जग त्याच्यापाशी मन मोकळं करतं, तो नुसती मान हलवतो. पहिल्या तासात त्याचं गाव जळतं, कारण असल्या खेळांत गाव जळल्याशिवाय नायक घराबाहेर पडतच नाही. मग राजा त्याला बोलावून जग वाचवायला सांगतो आणि हातात देतो काय, तर लाकडी तलवार! राजाच्या मागे भिंतीवर चार चांगल्या तलवारी टांगलेल्या. कंजूष मेला. नायकाला मग पोटासाठी लोकांच्या घरात शिरून मडकी फोडावी लागतात, कपाटं उचकावी लागतात. घरमालक शेजारी उभे राहून "आज हवा छान आहे" म्हणतात.

लढाई पाळीपाळीने. आपण बसून विचार करत राहिलो तर राक्षस पंजा उगारून तसाच थांबतो. इतकं सौजन्य मला एकाही गिऱ्हाइकाने दाखवलेलं नाही. आकाशातून जळता तारा जगावर पडत असतो, आणि आम्ही दोघींनी तीन आठवडे नुसते मासे पकडले. ताराही थांबला. धर्मशाळेत एक रात्र झोपलं की मोडलेली हाडं जुळतात, विष उतरतं. धाकटीचा यावर दर वेळी जळफळाट. "असं असतं तर मी बत्तीस वर्षं कशाला पाय मोडून घेतले असते हो, ताई?"

सोबती आठ, पण लढायला एका वेळी तिघेच जाऊ शकतात, बाकीचे बाहेर उभे. मी म्हणायचे बळकट तिघे न्यावेत. धाकटीने ड्यूटीचा तक्ता केला. सगळ्यांना सारखी पाळी, सारखी सुट्टी, कोणाचं रक्त थोडं सांडलं की आधी मलमपट्टी. मी आपली औषधं जपणारी. संजीवनीच्या अठ्ठावन्न बाटल्या आहेत, एकही उघडलेली नाही, पुढे लागेल म्हणून. पुढे म्हणजे कधी, हे मला आजही सांगता येत नाही. मी खेळायचे, ती खाली येणारी अक्षरं मोठ्याने वाचायची, राक्षसाला राक्षसाच्या आवाजात, आणि सगळं एका वहीत उतरवायची. ती वही मी लाल कातड्यात बांधली. मी बांधलेल्यांत तिच्याइतकी देखणी दुसरी नाही.

आता अंगठी. दलदलीतल्या बेडकाला दोनशे चाळीस वेळा मारलं की एक अंगठी मिळते, जिच्यामुळे कोणताही घाव निम्मा लागतो. त्यात आमचे सात आठवडे गेले. मी म्हटलं, नायकाला घालू. धाकटीने माझ्या हातातून रिमोट घेऊन ती सिस्टरला घातली. सिस्टर म्हणजे आमच्यातली औषधोपचार करणारी मुलगी. म्हणाली, "सगळ्यांच्या जखमा ती बांधते. तिच्याकडे कोण बघतं?"

असल्या खेळांचा एक नियम आहे. जी सगळ्यांत मायाळू असते आणि जी "हे संपलं की आपण समुद्र बघायला जाऊ" म्हणते, ती अर्ध्या कथेत जाते. जगाला हे माहीत होतं, आम्हा दोघींनाच नव्हतं. सिस्टर गेली आणि अंगावरचं सगळं घेऊन गेली. मी ओरडले, "मागचा सेव्ह उघड!" पण धाकटीने डोळे पुसत पुसत तिथल्या तिथे सेव्ह केलं होतं, त्याच खान्यात, जुन्यावर. इस्पितळातली सवय. काही घडलं की लगेच नोंद, मागचं खोडायचं नाही, पुढचं टाळायचं नाही. सेव्ह म्हणजे खेळ जिथवर आला तिथली नोंद, आणि अशा नोंदींना खेळात तीन खाने असतात. आम्ही एकच वापरत होतो, कारण तिच्या मते एका रुग्णाचा कागद एकच असतो.

कलम ७. वर सांगितलेलं खेळायचं यंत्र, खेळ, पहिल्या खान्यातला सेव्ह, अठ्ठावन्न बाटल्या आणि लाल वही हे सर्व माझ्या पश्चात माझ्या धाकट्या जाऊला द्यावं. तिने नको म्हटलं तर वर नेऊन तिच्या दारात ठेवावं आणि पळून यावं.

ती नको का म्हणेल ते लिहिणं मला भाग आहे. त्या दुपारी अंगठी गेल्याच्या रागात मी तिला म्हणाले, "तुझ्या हाती दिलेलं माणूस वाचतं कधी?"

माझे दीर, म्हणजे तिचे यजमान, तिच्याच वॉर्डात गेले. एकोणीस दिवस तिने त्यांचं सगळं केलं. ड्यूटी संपल्यावरही ती त्यांच्याच खाटेशी असायची. मी डबा घेऊन जायचे, मी डोळ्यांनी पाहिलंय. आणि तरी माझ्या तोंडातून ते निघालं. तिने वही मिटली, टेबलावर ठेवली आणि जिना चढून वर गेली. त्याला चार वर्षं झाली. एका छताखाली राहतो, बोलतो चिठ्ठ्यांनी. "टाकी भरली आहे." "बरं."

मी पुढे एकटीने खेळले. आवाज मुद्दाम मोठा ठेवायचे. जिंकल्याची धून वाजली की वरच्या सपाता जागच्या जागी थांबायच्या. धून संपली की पुन्हा चालायला लागायच्या. त्या थांबण्यावर मी चार वर्षं काढली. आता सेव्ह शेवटच्या दाराशी आहे. दार विचारतं, "यापुढे परत फिरता येणार नाही. जायचं?" आत लांब केसांचा खलनायक वाट बघत बसलाय. त्याला एकदा मारलं की पंख लावून पुन्हा उठणार, तेही ठरलेलंच. मला तो एकटीने मारायचा नाही. दीड वर्ष मी 'नाही' दाबत आले आहे.

तेव्हा कायदेशीर भाषेत लिहून ठेवते: अंगठीचं निमित्त होतं, चूक माझ्या तोंडाची होती. अंगठी तू योग्य माणसाला घातली होतीस. सिस्टर म्हणजे तूच आणि तुझ्याकडे कोणी बघत नव्हतं, मीसुद्धा, हे मला फार उशिरा कळलं. भाऊजींना तुझ्याइतकं कोणी सांभाळलं नसतं. मला माफ कर. हे खाली उभं राहून हाक मारून सांगायला मला जिभेचं हाड आडवं येतं, म्हणून वकिलामार्फत.

सहीआधीची भर. वरचं सगळं लिहून झालं आणि आज सह्यांसाठी वकीलबाई आल्या. साक्षीदार म्हणून समोरच्या दुकानातले चष्मेवाले आले. दुसरे साक्षीदार म्हणून डॉक्टर येणार होते, त्यांचा निरोप आला की दवाखान्यात गर्दी आहे. वकीलबाई म्हणाल्या, "घरात आणखी कोणी मोठं माणूस?" मी नाही म्हणायच्या आत, सह्यांसाठी मुद्दाम आलेली माझी लेक जिना चढून गेली होती.

मला वाटलं येणार नाही. आली. चार वर्षांत केस सगळे पांढरे झालेत, पण चालणं तेच, वॉर्डात फेरी मारल्यासारखं. माझ्याकडे बघितलं नाही. "सही कुठे?"

वकीलबाई म्हणाल्या, "तुम्ही वाचायची गरज नाही, यांनी तुमच्यासमोर सही केली एवढंच..."

"न वाचता मी कधी कोणाला गोळीसुद्धा दिली नाही," धाकटी म्हणाली आणि खुर्ची ओढून बसली.

वाचत गेली. कलम चारला "बरं केलंत" म्हणाली. कलम सहाला म्हणाली, "दोनशे एक्केचाळीस. शेवटचा बेडूक मी मारला होता." मग कलम सात आलं. ती चष्मा काढून पुसायला लागली. चष्मेवाले काळजीने पुढे झाले, "फ्रेम सैल झाली का?"

"फ्रेम ठीक आहे हो," धाकटी म्हणाली. मग माझ्याकडे वळली. "ताई, ही माफी मला तुम्ही गेल्यावर मिळणार होती?"

"तसं कायद्यात बसतं," मी म्हटलं.

"आणि मी आधी गेले असते तर?"

याचा मी विचारच केला नव्हता. चार वर्षं जे आडवं येत होतं ते कुठे गेलं कोण जाणे. मी म्हटलं, "चुकलं माझं गं."

"नीट ऐकू आलं नाही."

"आलंय तुला ऐकू."

"आलंय. पण पुन्हा म्हणा."

पुन्हा म्हटलं. लेक भिंतीकडे तोंड करून उभी राहिली. वकीलबाईंनी मात्र आपलं काम केलं. धाकटीला म्हणाल्या, "बाई, ज्याला मृत्युपत्रात काही मिळतं त्याने साक्षीदार म्हणून सही केली तर त्याचं मिळणं रद्द होतं. तुम्ही सही केलीत की कलम सात गेलं. यंत्र, वही, काही मिळणार नाही. थांबा थोडं, डॉक्टर चार वाजता मोकळे होतील."

"चार वाजेपर्यंत कशाला थांबू?" धाकटीने पेन उचललं. "दोन वाजलेत. आमची वेळ झाली."

म्हणून कलम सात मी खोडत नाही, पण ते आता कोणाला लागू नाही याची नोंद घ्यावी.

ठिकाण: तळमजला, टीव्हीसमोर.
तारीख: १४ मार्च २०२३, मंगळवार.

लिहून देणार: (सही) पुस्तकबांधणीवाली

साक्षीदार पहिला: (सही) समोरचा चष्मेवाला. वरील सही माझ्यादेखत झाली. नजर उत्तम आहे, कालच तपासली.

साक्षीदार दुसरी: (सही) धाकटी जाऊ, निवृत्त नर्स. कलम सात वाचलं आणि त्यावर पाणी सोडलं. माफी तोंडी घेतली, दोनदा. लिहिणाऱ्या बाई पूर्ण शुद्धीवर आहेत याची मी खात्री देते; बसल्या बसल्या माझ्याशी भांडायला लागल्या आहेत.